फुकट, विकत आणि मुक्त : आवाजाच्या सॉफ्टवेअरचा थोडा इतिहास

गेल्या महिन्यात आमच्याच विभागातल्या एका विद्यार्थिनीनं जिन्यात गाठून विचारलं, "ताई, मुलाखती एडिट करायला ऑडॅसिटी पुरतं का? की पैसे भरून काहीतरी चांगलं घेऊ?" मी घाईत होते. "पुरतं गं," म्हणून मोकळी झाले. रात्री वाटलं, उत्तर चूक नव्हतं, पण अर्धवट होतं. तिच्या प्रश्नात 'पैसे भरून' आणि 'चांगलं' हे शब्द एकमेकांना चिकटून बसले होते. ते कधी चिकटले, का चिकटले, आणि आज सुटे करता येतात का, हा खरं तर इतिहासाचा प्रश्न आहे. संशोधनाची तयारी करणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांना उद्या रेकॉर्डर घेऊन कुणाच्या तरी ओसरीवर बसायचंय, म्हणून तिला द्यायचं उत्तर सगळ्यांसाठीच लिहून काढते. यात मी स्वतः एकदा चांगलीच पोळले आहे. ते शेवटी सांगेन.

आधी शब्दांचा गुंता सोडवू. इथं मराठीत आपली एक सोय आहे. इंग्रजीत 'फ्री' म्हटलं की फुकटही आलं आणि स्वतंत्रही आलं. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. तेव्हापासून त्या चळवळीतल्या माणसांना पुन्हा पुन्हा खुलासा करावा लागतो, की बाबांनो, आम्ही किमतीबद्दल बोलत नाही आहोत. आपल्याकडे फुकट वेगळं आणि मुक्त वेगळं. फुकट म्हणजे आज पैसे मागितले नाहीत, एवढंच. उद्या मागतील किंवा दुकान बंद करतील. मुक्त म्हणजे तो प्रोग्रॅम चालवण्याचा, त्याचा सोर्स कोड उघडून पाहण्याचा, त्यात बदल करण्याचा आणि बदललेला प्रोग्रॅम दुसऱ्याला देण्याचा हक्क तुम्हाला लेखी मिळालेला असतो. १९८९ मध्ये आलेला जीपीएल हा परवाना नेमकं हेच लिहून देतो. एखादी गोष्ट फुकट असून मुक्त नसू शकते, आणि मुक्त असून विकतही असू शकते. दोन्हींची उदाहरणं पुढे येतील.

'पैसे भरून' आणि 'चांगलं' हे चिकटण्यामागे एके काळी ठोस कारण होतं. १९८०च्या दशकात संगणकावर आवाज संपादित करणं म्हणजे मुळात यंत्रसामग्री विकत घेणं होतं. बर्कलीचे पीटर गॉचर आणि इव्हान ब्रूक्स हे दोन मित्र सुरुवातीला काय विकत होते, तर ड्रम्युलेटर नावाच्या ड्रम-यंत्रात बसवायच्या, वेगळ्या आवाजांच्या चिप. त्या धंद्यातून डिजिडिझाइन कंपनी उभी राहिली. तिनं १९८९ मध्ये साउंड टूल्स आणलं आणि १९९१ मध्ये प्रो टूल्स. पहिल्या प्रो टूल्समध्ये ट्रॅक होते फक्त चार, आणि किंमत होती सुमारे ६,००० डॉलर. आज हसू येतं, पण त्या किमतीतला मोठा भाग मॅकिंटॉशमध्ये बसवायच्या कार्डचा होता. त्या काळच्या संगणकाच्या प्रोसेसरला एकट्याच्या बळावर चार ट्रॅक ओढणं झेपत नव्हतं. तेव्हा जास्त पैसे म्हणजे खरोखर जास्त क्षमता होती.

पुढे प्रोसेसर वेगवान झाले आणि कारण संपलं. बंधन मात्र राहिलं. १९९५ मध्ये डिजिडिझाइन ॲव्हिड या कंपनीकडे गेली. २०१० मध्ये प्रो टूल्स ९ येईपर्यंत पूर्ण क्षमतेचं प्रो टूल्स कंपनीच्या स्वतःच्या किंवा तिच्याच मालकीच्या ब्रँडच्या हार्डवेअरशिवाय चालत नसे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी इथं थोडं थांबावं. तांत्रिक गरज म्हणून सुरू झालेली गोष्ट गरज संपल्यावरही व्यापाराची पद्धत म्हणून टिकते, आणि वापरणाऱ्यांच्या मनात ती 'दर्जा' म्हणून मुरते. जिन्यातल्या त्या प्रश्नाची एक मुळी इथंवर पोचते.

याच कंपनीनं फुकटचे प्रयोगही केले. २००० मध्ये प्रो टूल्स फ्री आलं. आठ ऑडिओ ट्रॅक, हार्डवेअरची अट नाही. लोकांनी उचलून धरलं. पण ते विंडोज ९८, विंडोज एमई आणि जुन्या मॅक ओएस ९ वर चालत होतं. पुढच्या विंडोज एक्सपीवर आणि मॅक ओएस एक्सवर ते कधी आणलंच नाही. संगणक बदलला की तुमचं 'फ्री' संपलं. २०१५ मध्ये प्रो टूल्स फर्स्ट आलं. तेही फुकट, पण प्रोजेक्ट कंपनीच्या क्लाउडवर ठेवायचे आणि तेही फक्त तीन. २०२१ च्या अखेरीस ते बंद झालं, आणि पुढच्या वर्षी तिसऱ्या नावानं तिसरी फुकट आवृत्ती आली. 'फुकट ते पौष्टिक' असं आपण गमतीनं म्हणतो. इथं मात्र दर काही वर्षांनी ताटच उचललं जात होतं.

आता पिट्सबर्गला जाऊ. ही गोष्ट तुम्हाला जवळची वाटेल, कारण तिचा नायक आपल्यासारखाच संशोधन करणारा विद्यार्थी आहे.

१९९९ च्या शरद ऋतूत कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि त्यांचे मार्गदर्शक रॉजर डॅननबर्ग ध्वनीच्या विश्लेषणावर काम करत होते. अल्गोरिदम लिहिला की तो आवाजात नक्की कुठे चुकतोय हे डोळ्यांना दिसायला हवं होतं. त्यासाठी मॅझोनींनी एक साधन लिहायला घेतलं. संशोधन बाजूला आणि साधनच वाढत गेलं, हा प्रकार आपल्यातल्या किती जणांना ओळखीचा आहे ते हात वर करून सांगा! २८ मे २००० रोजी ते साधन ०.८ आवृत्ती म्हणून सगळ्यांसाठी खुलं झालं, जीपीएल परवान्याखाली. नाव ऑडॅसिटी. डॅननबर्ग यांनी संगीतासाठी तयार केलेली नायक्विस्ट ही प्रोग्रॅमिंग भाषा त्यात आजही आहे. मेनूमधले काही इफेक्ट त्याच भाषेत लिहिलेले आहेत, आणि जमलं तर तुम्हीही तुमचा लिहू शकता.

म्हणजे ऑडॅसिटी हे 'गरिबांचं प्रो टूल्स' म्हणून जन्मलंच नाही. त्याचा जन्म मोजण्या-पाहण्यासाठी झाला. ऐंशी ट्रॅकचं सिनेसंगीत मिसळायला ते अपुरं वाटतं यात नवल नाही. पण एका माणसाचा आवाज उघडावा, त्याची लहर डोळ्यांनी पाहावी, नको तो भाग कापावा, हे काम त्याच्या मूळ स्वभावातलंच आहे. आपलं काम तेच असतं.

त्याच काळात विंडोजवर घराघरांत पोचलेलं नाव होतं कूल एडिट. सिंट्रिलियम नावाच्या छोट्या कंपनीचं हे शेअरवेअर. कूल एडिट ९६ ची नोंदणी केली नसेल तर एक गमतीदार अट असे. प्रोग्रॅम उघडताना सुविधांच्या यादीतले दोनच गट निवडायचे आणि त्या बैठकीपुरते तेवढेच वापरायचे. आज सेव्ह करू की आवाज स्वच्छ करू, असा हिशोब करत बसायचं. पण पैसे भरले की वस्तू तुमची होई. मे २००३ मध्ये ॲडोबीनं हे तंत्रज्ञान १ कोटी ६५ लाख डॉलरना विकत घेतलं. कूल एडिट प्रोचं ॲडोबी ऑडिशन झालं. २०१३ मध्ये ॲडोबीनं नव्या आवृत्त्या विकणं थांबवून वर्गणीचा मार्ग धरला आणि ऑडिशनही त्यात गेलं. एकाच प्रोग्रॅमच्या पोटात दहा-पंधरा वर्षांत तीन वेगळी नाती होऊन गेली. आधी चाखून बघा, मग विकत घ्या, मग भाड्यानं राहा. प्रोग्रॅम दर वेळी सुधारत गेला हेही तितकंच खरं. बदलत गेला तो वापरणाऱ्याचा हक्क.

विकत घेतलेलं तरी आपलं राहतं का? दोन उदाहरणं पुरेत. लॉजिक हे जर्मनीतल्या ईमॅजिक कंपनीचं सॉफ्टवेअर मॅक आणि विंडोज दोन्हींवर चालायचं. जुलै २००२ मध्ये ॲपलनं ईमॅजिक विकत घेतली आणि त्याच वर्षी विंडोजची आवृत्ती बंद केली. ज्यांनी रीतसर पैसे मोजले होते, त्यांच्यापुढे पर्याय होते दोन. आहे त्या आवृत्तीवर जितके दिवस निघतील तितके काढा, नाहीतर संगणक बदला.

केकवॉकची कथा त्याहून वळणाची. १९८७ मध्ये ग्रेग हेंडरशॉट यांनी सुरू केलेला हा प्रोग्रॅम पुढे सोनार या नावानं वाढला आणि २०१३ मध्ये गिटार बनवणाऱ्या गिब्सन कंपनीकडे गेला. २०१६ मध्ये ग्राहकांना आयुष्यभराच्या अपडेटची योजना देण्यात आली. लोकांनी पैसे भरले. नोव्हेंबर २०१७ मध्ये गिब्सननं केकवॉकचा विकासच थांबवला. 'आयुष्यभर' हे कुणाचं आयुष्य, हा प्रश्न करारात कुणी विचारला नव्हता! २०१८ मध्ये सिंगापूरच्या बँडलॅबनं ते घेतलं आणि चक्क फुकट देऊन टाकलं. मग २०२३ मध्ये नव्या, पैसे लागणाऱ्या सोनारची घोषणा झाली, आणि पुढे त्याचाही एक फुकट प्रकार निघाला. विकत, बंद, फुकट, विकत, परत थोडं फुकट. या सगळ्या काळात गाणी तीच होती आणि माणसंही तीच.

याचा अर्थ मुक्त म्हटलं की सगळं आलबेल, असा काढू नका. मुक्त सॉफ्टवेअरच्या वाटेतले काटे वेगळे असतात. एमपी३ चंच बघा. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेनं ज्या तंत्राच्या उभारणीत मुख्य वाटा उचलला, त्यावर पेटंट होती. सप्टेंबर १९९८ मध्ये संस्थेनं एमपी३ बनवणारे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना पत्रं धाडली आणि परवाना-शुल्क मागितलं. या पेटंटना दोन उत्तरं मिळाली. ख्रिस्तोफर माँटगोमेरी यांनी पेटंटच्या बाहेरचं वॉर्बिस हे वेगळंच स्वरूप उभं करायला घेतलं. आणि लेम नावाचा प्रकल्प, जो एमपी३ बनवणाराच होता, त्यानं आपल्या नावाचा विस्तारच 'लेम हे एमपी३ बनवणारं नव्हे' असा करून ठेवला. ऑडॅसिटीवाल्यांनी सावध मार्ग धरला. प्रोग्रॅम आमच्याकडून घ्या, एमपी३ हवं असेल तर लेम वेगळं शोधून बसवा. माझ्या वयाच्या अनेकांना ती फाइल शोधताना भलत्याच साइटवरून भलतंच काही डाउनलोड केल्याचं आठवत असेल. एप्रिल २०१७ मध्ये एमपी३ चा परवाना-कार्यक्रम संपला, आणि २०१९ च्या २.३.२ आवृत्तीपासून लेम ऑडॅसिटीतच आलं. एका मेनूत एक ओळ सरळपणे चालायला वीस वर्षं गेली, आणि अडचण तंत्राची कधीच नव्हती.

दुसरा काटा पैशाचा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं खायचं काय? पॉल डेव्हिस हे ॲमेझॉनचे अगदी सुरुवातीचे प्रोग्रॅमर. तिथून बाहेर पडल्यावर काही वर्षांनी त्यांनी लिनक्सवर आर्डर नावाचं, अनेक ट्रॅकचं स्टुडिओ-सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. सोर्स कोड जीपीएलखाली, सगळ्यांना खुला. पण लगेच चालवता येईल असा तयार प्रोग्रॅम त्यांच्या साइटवरून हवा असेल, तर थोडी रक्कम किंवा मासिक वर्गणी द्या. मुक्त असून विकतही असू शकतं म्हणाले होते, ते हे. पुढे मिक्सिंग कन्सोल बनवणाऱ्या हॅरिसन कंपनीनं आर्डरच्या पायावर मिक्सबस हे आपलं उत्पादन उभं केलं. मला व्यक्तिशः ही वाट सर्वांत प्रामाणिक वाटते. काम कुणाचं, त्याला दाम किती आणि हक्क कुणाचे, हे तीनही उघड.

रीपर हा आणखी एक नमुना, आणि तो माझ्या आवडत्या वर्गीकरणात बसत नाही. विनॲम्प लिहिणारे जस्टिन फ्रँकेल यांनी आपली कंपनी १९९९ मध्ये एओएलला विकली, तिथून नंतर बाहेर पडले आणि २००६ मध्ये रीपरची पहिली पूर्ण आवृत्ती आणली. ते मुक्त नाही. पण ६० दिवस पूर्ण क्षमतेनं वापरून बघता येतं. व्यक्तीसाठी आणि छोट्या कामासाठी परवाना ६० डॉलरचा, मोठ्या व्यावसायिक वापरासाठी २२५ डॉलरचा. आणि मुख्य म्हणजे त्याची प्रोजेक्ट फाइल साधा मजकूर असते. नोटपॅडमध्ये उघडली तरी कुठला आवाज कुठे कापला हे वाचता येतं. बंद सॉफ्टवेअर, पण उघडी फाइल. म्हणून मी हल्ली कुठलंही सॉफ्टवेअर पाहिलं की आधी किंमत विचारत नाही. विचारते ते हे : माझं काम हे कुठल्या स्वरूपात ठेवतं, आणि हे सॉफ्टवेअर नसलेल्या माणसाला ते उघडता येईल का?

याच निकषावर ऑडॅसिटीलाही सोडायला नको. जुन्या ऑडॅसिटीत प्रोजेक्ट म्हणजे एक छोटी फाइल आणि शेजारी शेकडो तुकड्यांनी भरलेला फोल्डर असे. लोक तेवढी छोटी फाइल पेनड्राइव्हवर घेऊन घरी जात, आणि घरी ती रिकामी निघे. मार्च २०२१ मध्ये ३.० आवृत्तीत ते सगळं एका फाइलमध्ये आलं. दुसरं असं, की बरीच वर्षं ऑडॅसिटीत इफेक्ट दिला की तो थेट आवाजावर कोरला जाई. मूळ आवाज तसाच ठेवून वरून इफेक्ट लावण्याची सोय २०२२ मध्ये ३.२ आवृत्तीत आली. विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये ती कितीतरी आधीपासून होती.

आणि मग २०२१ चा उन्हाळा. एप्रिलअखेर म्यूझ ग्रुपनं ऑडॅसिटी आपल्याकडे घेतल्याचं जाहीर झालं. मे महिन्यात वापराची माहिती गोळा करण्याचा प्रस्ताव आला, आरडाओरड झाली, तो मागे घेतला गेला. जुलैमध्ये नवं गोपनीयता धोरण आलं. त्यात १३ वर्षांखालच्यांनी वापरू नये, अशी अट होती. जीपीएल तर कुणी वापरावं यावर बंधन घालू देत नाही! पुन्हा गदारोळ, पुन्हा खुलासा, मग सुधारित धोरण. दरम्यान काही जणांनी आधीचा कोड घेऊन टेनॅसिटीसारख्या वेगळ्या शाखा काढल्या. हे कायदेशीर होतं, कारण हक्क आधीच लिहून दिलेला होता. लॉजिकच्या विंडोजवाल्यांना २००२ मध्ये असं काही करता आलं नाही. संताप दोन्हीकडे सारखाच असेल, पण एकाच बाजूच्या हातात कागद होता.

संशोधनाच्या अंगानं इथं एक गोष्ट लक्षात घ्या. २०२१ चा तो सगळा वाद मी वाचला तो मूळ जागी. कुणी काय प्रस्तावित केलं, कुठली ओळ बदलली, कुणी विरोध केला, सगळं तारखेनिशी उघड्या कोडच्या नोंदींत आहे. सोनार बंद करण्याचा निर्णय कुठल्या बैठकीत, कोणत्या आकड्यांवर झाला हे मात्र बाहेरच्या अभ्यासकाला दिसत नाही. तिथं प्रसिद्धिपत्रकं, जुन्या जाहिराती, 'साउंड ऑन साउंड'सारख्या मासिकांची परीक्षणं आणि परवान्याचा मजकूर यांवरून जुळणी करावी लागते. तो परवान्याचा मजकूर, जो आपण न वाचता 'मान्य आहे' दाबतो, तो प्राथमिक स्रोत आहे. सनदा वाचतो तसा वाचायचा. कोण देतंय, काय देतंय, किती काळासाठी, आणि परत कधी घेता येतं.

महाराष्ट्रातलं एक उदाहरण द्यायलाच हवं. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या कामात नंतर सामील झालेले बर्नार्ड बेल हे संगणक आणि संगीत दोन्ही जाणणारे. त्यांनी १९८०च्या दशकात जिम किपेन यांच्याबरोबर तबल्याच्या बोलांचं व्याकरण संगणकावर मांडण्यासाठी बोल प्रोसेसर हा प्रोग्रॅम तयार केला होता. तो आज मुक्त स्वरूपात उपलब्ध आहे. आणि त्या ओव्या २०१७ पासून परी या संकेतस्थळावर कुणालाही ऐकता येतात. ओवी गाणारी बाई, ती टिपणारा आणि शंभर वर्षांनी ऐकणारा, यांच्यामध्ये जेवढी कमी कुलपं तेवढं बरं, हे या मंडळींना कामातूनच कळलेलं असावं असं मला वाटतं.

आता त्या विद्यार्थिनीचं उत्तर. मुलाखती कापायला ऑडॅसिटी पुरतं. उच्चार, स्वर, विराम मोजायचे असतील तर ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बूर्समा आणि डेव्हिड वेनिंक यांचं प्रात, आणि आवाजाला ओळीओळीनं लिप्यंतर जोडायचं असेल तर माक्स प्लांक संस्थेचं इलान. दोन्ही मुक्त. माहितीपटाच्या स्टुडिओत काम मिळणार असेल तर प्रो टूल्स शिकून घे, कारण समोरचा त्याच फाइल पाठवेल, तिथं तत्त्वज्ञान चालत नाही. पंख्याच्या घरघरीत माणसाचा आवाज बुडालेला असेल तर आयझोटोपचं आरएक्स विकतचं आहे आणि ते काम ऑडॅसिटीपेक्षा खूप चांगलं करतं. महिनाभरासाठी पैसे घालवायला हरकत नाही. पण काहीही घे, रेकॉर्डरमधून निघालेली मूळ वेव्ह फाइल हात न लावता वेगळी ठेव, दोन ठिकाणी. वेव्ह हे स्वरूपही मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएमनं १९९१ मध्ये आणलेलं, काही साधुसंतांचं नव्हे. पण त्याची रचना सगळ्यांना ठाऊक आहे आणि जवळपास प्रत्येक प्रोग्रॅम ते वाचतो. ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना जुन्या टेपा डिजिटल करताना याच कुळातलं स्वरूप सुचवते, किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट.

हे मी केलं नव्हतं. माझा प्रबंध मुंबईच्या गिरणी कामगारांवर आहे, १९८२ च्या संपानंतर गावी परतलेल्यांवर. दुसऱ्या वर्षी सावंतवाडीजवळच्या एका गावात साळखात्यात काम केलेल्या एका आजोबांची दोन तास दहा मिनिटांची मुलाखत घेतली. रेकॉर्डिंग प्रयोगशाळेतल्या संगणकावर एका विकतच्या, नामांकित सॉफ्टवेअरमध्ये ओढलं. त्यानं ते स्वतःच्या स्वरूपात बदलून प्रोजेक्टच्या पोटात ठेवलं. पडद्यावर देखणं दिसत होतं. मी प्रोजेक्ट सेव्ह केला आणि पुढच्या दौऱ्यासाठी रेकॉर्डरचं कार्ड पुसलं. जूनमध्ये प्रयोगशाळेचा वार्षिक परवाना संपला, नूतनीकरणाची फाइल कुठेतरी अडकली. आता प्रोजेक्ट उघडत होता, पण 'डेमो' म्हणून. सेव्ह नाही, एक्स्पोर्ट नाही, आणि ऐकताना दर मिनिटाला दोन सेकंद आवाज बंद. तोवर आजोबा वारले होते.

मी त्यांना विचारलं होतं, "संप मोडल्यावर पहिल्यांदा परत गेटवर गेलात, त्या दिवशी काय झालं?" आणि ते बराच वेळ गप्प राहिले होते. माझ्या तिसऱ्या प्रकरणात या गप्प राहण्याला महत्त्व आहे. आता त्यातलं किती गप्प त्यांचं आणि किती डेमोचं?

शेवटी लॅपटॉपवर ऑडॅसिटी घेतलं, संगणकात वाजणारा आवाज आतल्या आत टिपण्याची सोय त्यात आहे, आणि पूर्ण मुलाखत वाजत ठेवून टिपली. मग पुन्हा एकदा, तीस सेकंद पुढून सुरू करून, म्हणजे भोकं दुसऱ्या जागी पडतील. दोन ट्रॅक एकाखाली एक जुळवले आणि एकाची भोकं दुसऱ्यानं बुजवली. असं सहा मुलाखतींचं केलं, दिवाळीची सुट्टी त्यात गेली. डेमोची शांतता लहरीत पट्टीनं ओढल्यासारखी सपाट दिसते. आजोबांच्या शांततेत कौलांवरचा पाऊस होता, आणि मध्येच आतून कपबशीचा आवाज. मोजली तर अकरा सेकंद भरली.

प्रबंधात त्या जागी तळटीप दिली आहे. हे रेकॉर्डिंग मूळ नाही, दोन प्रतींतून जोडलेलं आहे, जोड कुठे कुठे आहेत आणि ती अकरा सेकंद कशी तपासली, सगळं लिहिलं. तळटीप सात ओळींची झाली. एरवी प्रत्येक तळटीप कापायला सांगणाऱ्या माझ्या मार्गदर्शकांनी हिला हात लावला नाही.